खरी पेनल्टी

ओरेस्तेने खेळांच्या गुलाबी वर्तमानपत्राची घडी घातली, मथळा वर राहील अशी, आणि ती फिओरेन्झोच्या कॉफीच्या कपाखाली सरकवली.

"वाच," तो म्हणाला. "मोठ्याने वाच. मिरेल्लालाही ऐकू दे."

फिओरेन्झोने कप उचलून दुसरीकडे ठेवला. कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "चष्मा घरी राहिलाय."

"तुझा चष्मा बरोबर अशाच दिवशी घरी राहतो."

बारमधले चार-पाच जण हसले. काउंटरमागे ग्लास पुसणारी मिरेल्लाही हसली, पण जरा तोंड फिरवून. फिओरेन्झो तिचं विजेचं सगळं काम फुकट करायचा. काशिनारा गाव मिलान आणि तुरीन यांच्या मधोमध, भातखाचरांत बसलेलं. त्यामुळे निम्मं गाव एका शहराच्या फुटबॉल संघाचं आणि निम्मं दुसऱ्याच्या. ओरेस्ते मिलानवाला, फिओरेन्झो तुरीनवाला. मे महिना होता. खाचरं पाण्याने भरली होती आणि वर्तमानपत्रात पुन्हा एकदा तुरीनवाल्यांची चौकशी चालू होती. हिशेब फुगवले म्हणून जानेवारीत गुण कापले, एप्रिलमध्ये परत दिले, आता पुन्हा कापणार म्हणत होते.

"या वेळी हिशेब, मागच्या वेळी फोन," ओरेस्ते म्हणाला. "तुमच्याकडे प्रगती आहे हो."

"आणि तुम्हाला त्या वर्षीचं जेतेपद कुठे मिळालं? मैदानात की कोर्टात?" फिओरेन्झो म्हणाला. "पुठ्ठ्याचं जेतेपद. पावसात भिजू देऊ नका."

"भिजेल नाहीतर जळेल, चोरीचं तरी नाही."

हे संवाद गावाला पाठ होते. सतरा वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात, जेव्हा पंच ठरवणाऱ्यांशी झालेली फोनवरची बोलणी रोज छापून येत होती आणि तुरीनचा संघ खालच्या वर्गात ढकलला गेला, तेव्हापासून ओरेस्ते या बारचा न्यायाधीश झाला होता. भाताच्या गिरणीत त्याने मुकादम म्हणून उभी हयात काढली, तिथे कुणी त्याला वजनात खोट करताना पाहिलं नव्हतं. म्हणून त्याचं ऐकून घेत. तो बोलायला लागला की बोटाने टेबलावर ठोके द्यायचा.

"चोरी लहान की मोठी हा प्रश्नच नाही," तो आता ठोके देत म्हणाला. "पंचाला फोन केला, खेळ संपला. मग तो फोन तुम्ही वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला करा, नाहीतर हवापाणी विचारायला. फोन केलात ना? संपलं."

तेवढ्यात सेव्हेरिनो आत आला. बाह्यांना पीठ तसंच. गावचा बेकरीवाला तो, आणि गावच्या संघाचा अध्यक्षही. रविवारी विल्लारासोशी सामना होता. हरलो तर सगळ्यात खालचा वर्ग, आणि तिथे गेलो तर संघ बंद, हे सगळ्यांना माहीत होतं. पाद्रीबाबांनी स्पष्टच सांगितलं होतं की संघ नसेल तर चर्चचं मैदान शेजारच्या गोदामाला ट्रक उभे करायला देऊन टाकणार. त्या मैदानावर ओरेस्ते स्वतः खेळला होता. अजूनही दर शनिवारी चुन्याच्या रेघा तोच मारायचा.

सेव्हेरिनोने खुर्ची ओढली नाही. मोबाइल पुढे धरला.

"पंच जाहीर झाला. पावियाहून येणार होता तो पोरगा पाय मोडून बसलाय. त्याच्या जागी मुलगी येतेय. लुचिल्ला बाराले." तो ओरेस्तेकडे बघत राहिला. "बाराले म्हणजे तुझ्या बहिणीच्या, इरिसच्या नवऱ्याचं आडनाव ना?"

मिरेल्लाने नळ बंद केला.

"लुचिल्ला माझी भाची आहे," ओरेस्ते म्हणाला.

"तिकडे पंचांच्या ऑफिसात कुणाला ठाऊक नसणार," सेव्हेरिनो म्हणाला. "आडनाव बापाचं, जन्म पावियाचा. आईचं गाव कोण विचारतो!"

"मग?"

"मग काही नाही. मी काही म्हणालो का?" सेव्हेरिनोने पिठाचे हात विजारीला पुसले. "पोरगी लहानपणी सगळे उन्हाळे इथेच होती. माझ्या बेकरीत येऊन गरम पाव मागून न्यायची. तिला नुसतं कळू दे की रविवारी हरलो तर काय होणार आहे. एवढंच. पोरीला गाव माहीत असायला नको?"

"नको," फिओरेन्झो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो चमच्याने रिकामा कप ढवळत होता.

"नको म्हणतो मी. आमच्याकडेही असंच सुरू झालं असेल."

या वेळी कुणी हसलं नाही. ओरेस्तेला त्याचा राग आला. चेष्टा करायची तर नीट करावी, हे असं मध्येच खरं बोलणं त्याला आवडलं नाही. "मला शिकवू नकोस," तो म्हणाला, उठला, आणि वर्तमानपत्र टेबलावरच विसरून गेला.

*

शुक्रवारी सकाळी त्याने भाचीला फोन लावला. जेवायला बोलवावं, एवढाच विचार आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. ब्रुना, त्याची बायको, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसली होती.

"मामा!" लुचिल्लाचा आवाज पळत आल्यासारखा होता. "बघितलंस ना नाव? मी फोन करणारच नव्हते तुला. सामन्याआधी बोलायचं नसतं."

"बोलायचं कुठे आहे? जेवायला ये म्हणतो. सामना झाल्यावर. मामी भात करणार आहे, बेडकांचा, तुला आवडतो तसा."

"झाल्यावर येईन. नक्की." ती थांबली. "मामा, मी ऑफिसात आईचं गाव सांगितलं नाही. स्वतःचं गाव आणि स्वतःचा जुना संघ सांगायचा असतो, आईचं कुणी विचारलंच नाही. आणि मला इतका मोठा सामना पहिल्यांदाच मिळतोय. चुकलं का माझं?"

खरं तर इथे फोन ठेवता आला असता. चुकलं, आत्ता सांगून टाक त्यांना, असंही म्हणता आलं असतं. तेच त्याच्या जिभेवर होतं.

"छे," ओरेस्ते म्हणाला. "तू कुठे इथे राहतेस!"

मटारच्या शेंगा फुटत होत्या. टप्, टप्.

"पोरं चांगली आहेत बरं का," तो म्हणाला. "लोरिस आठवतो? गिरणीत लागलाय आता. रात्रपाळी करून सरावाला येतो. खाली गेले तर संघच राहणार नाही. मैदान ट्रकवाल्यांना देणार म्हणतात."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी काही सांगत नाहीये हां. तुला माहीत असावं म्हणून."

"हे मला कशाला सांगतोयस, मामा?"

"असंच. गावच्या गोष्टी."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बरं." आणि फोन बंद झाला.

ओरेस्तेने मागे वळून पाहिलं. ब्रुनाच्या हातात शेंग तशीच होती, न फोडलेली. त्याने पाहिल्यावर तिने ती फोडली, दाणे भांड्यात टाकले आणि दुसरी उचलली.

*

रविवारी अख्खं गाव मैदानावर होतं. विल्लारासोची माणसंही दोन बस भरून आली होती. बरोबरी झाली तरी काशिनारा वाचणार होतं, विल्लारासोला मात्र जिंकणंच भाग होतं. कालव्याकडून डास येत होते आणि लोक एकमेकांच्या मानेवर चापट्या मारत सामना बघत होते.

लुचिल्ला मैदानात आली ती सरळ मधल्या वर्तुळाकडे बघत. काळी जर्सी, केस घट्ट बांधलेले. ओरेस्तेकडे तिने नजर टाकली नाही. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं वाईटही वाटलं.

ती चांगली पंच होती. पहिल्या अर्ध्या तासातच हे सगळ्यांच्या लक्षात आलं. चेंडूच्या जवळ धावायची, कमी बोलायची, शिट्टी लगेच वाजवायची. विल्लारासोच्या बचावपटूला पिवळं कार्ड दिलं तसं काशिनाराच्या कप्तानालाही दिलं. मध्यंतरानंतर विल्लारासोने गोल केला, अगदी स्वच्छ गोल. सेव्हेरिनो ऑफसाइड ऑफसाइड म्हणून ओरडला, पण त्याच्या ओरडण्यात जीव नव्हता.

शेवटी शेवटी ओरेस्ते विल्लारासोच्या गोलमागे जाऊन उभा राहिला. बाकीच्यांच्या जवळ उभं राहणं त्याला जड जात होतं. दर शिट्टीला कोणीतरी त्याच्याकडे बघायचं. तिथून त्याने ते पाहिलं. लोरिस उजवीकडून आत घुसला, चौकटीत आला, आणि मागून येणाऱ्या बचावपटूने आधी त्याची जर्सी धरली, मग टाच तुडवली. ओरेस्तेपासून ते दहा पावलांवर होतं. जर्सी ताणलेली त्याला दिसली. बुटाचा आवाजही ऐकू आला. लोरिस तोंडावर पडला.

शिट्टी वाजली नाही.

लुचिल्लाने ती ओठांत धरली होती. तिचे गाल फुगलेले ओरेस्तेला दिसले. पण शिट्टी वाजली नाही. सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं. विल्लारासोचा गोलरक्षक चेंडू उचलायला वाकलाही. आणि मग शिट्टी वाजली, फार मोठ्याने, आणि तिने पांढऱ्या ठिपक्याकडे बोट केलं.

त्या एका श्वासाच्या उशिरानेच सगळा घात केला. विल्लारासोची माणसं कुंपणाला भिडली. विकली गेली, विकली गेली, ती ओरडायला लागली. त्यांच्यातला एक म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, काही ओरडत नव्हता. त्याने फक्त टोपी काढून बाकावर आपटली आणि तो बाहेर चालू लागला.

लोरिसने चेंडू जाळ्यात मारला. बरोबरी झाली. थोड्याच वेळात सामना संपला आणि काशिनारा वाचलं.

सेव्हेरिनो धावत आला आणि त्याने ओरेस्तेला कवेत घेऊन उचललं. "अरे, लाखाचा माणूस आहेस तू! लाखाचा!"

"खाली ठेव."

"फोन कामाला आला की नाही?"

"पेनल्टी खरी होती," ओरेस्ते म्हणाला. "मी गोलमागेच उभा होतो. टाच तुडवली त्याने."

"अर्थातच खरी होती." सेव्हेरिनोने डोळा मारला. भोवतीचेही हसले. "आम्ही कुठे खोटी म्हणतोय?"

"जर्सी ओढली. मी बघितलं, सेव्हेरिनो."

"ओढलीच. माझ्याही डोळ्यांनी बघितलं, तिकडून!" त्याने मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे हात केला आणि पुन्हा हशा उसळला. कुणीतरी ओरेस्तेच्या पाठीत थाप मारली. तो जितकं सांगत होता तितकी त्यांची खात्री पटत होती. शेवटी तो गप्प बसला, तर तेही त्यांना पुरेसं वाटलं.

फिओरेन्झो कुंपणाशी उभा होता. तो जवळ आला नाही.

*

विल्लारासोच्या बस गेल्यानंतरच लुचिल्ला बाहेर आली. केस ओले. तिच्या छोट्या गाडीच्या काचेवर कोणीतरी चिखल फासला होता. ओरेस्ते रुमालाने तो पुसत होता.

"बस," ती म्हणाली.

घर चालत जाण्याइतकं जवळ होतं. तरी तो बसला. तिने गाडी गावाकडे न वळवता कालव्याच्या रस्त्याला घेतली आणि थोडं पुढे जाऊन थांबवली. दोन्ही बाजूंना खाचरांतलं पाणी, त्यात आभाळ. बेडूक ओरडत होते.

"मामा, होती का?"

"होती."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मैदानात पडलेल्या खेळाडूकडे ती असं बघायची, याला खरंच लागलंय की नाटक करतोय.

"मी दहा पावलांवर होतो, लुचि. आधी जर्सी, मग टाच. आंधळ्यालाही दिसलं असतं."

"मलाही दिसलं होतं," ती म्हणाली. "म्हणजे आधी दिसलं. शिट्टी तोंडात होती. आणि मग तुझं ते बोलणं आठवलं. लोरिस, रात्रपाळी. मला वाटलं, देऊ नये. तू सांगितलंस म्हणून तर मुळीच देऊ नये. मग वाटलं, तू सांगितलंस म्हणून न देणं, हेही तेच झालं ना? आणि सगळे माझ्याकडे बघत होते." तिने स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. "मग दिली. आता मला आठवतच नाही काय दिसलं होतं ते. किती आठवून बघते. नुसता तुझा आवाज येतो."

"खरी होती गं."

"तू तेच म्हणणार ना, मामा." ती रागावली नव्हती. तेच त्याला सोसवेना.

तो काहीतरी बोलणार होता. चुकलो, असं काहीतरी. पण तेवढा एक शब्द काढला तर तिच्या हातून दिली गेलेली पेनल्टीही चुकीची ठरेल, असं त्याला वाटलं, आणि पेनल्टी तर खरी होती. तो तसाच बसून राहिला. मांडीवर चिखलाचा रुमाल.

"उद्या मी ऑफिसात जाऊन सांगणार आहे," ती म्हणाली. "आईचं गाव लपवलं ते."

"आणि—" ओरेस्ते म्हणाला, आणि थांबला.

त्याला विचारायचं होतं, आणि फोनचं? पण विचारलं असतं तर त्याला कोणतं उत्तर हवं आहे तेही तिला दिसलं असतं. तिने थोडी वाट पाहिली. मग गाडी चालू केली.

दारासमोर तिने त्याला उतरवलं. आत आली नाही. मामीला सांग डोकं दुखतंय, म्हणाली.

ब्रुनाने तीन ताटं मांडली होती. दारात त्याला एकटं पाहून तिने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि एक ताट उचलून परत फडताळात ठेवलं. चौकात भोंगे वाजत होते, सेव्हेरिनो कोणाकोणाला बोलावत होता.

"तुला नाव घेऊन हाका मारतायत," ती म्हणाली.

"मारू दे."

ती समोर बसली. "शुक्रवारी मी ऐकत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू थांबशील," ब्रुना म्हणाली. "आत्ता थांबेल, आत्ता थांबेल, असं वाटत राहिलं."

*

सोमवारी फिओरेन्झोला वायर आणायला पावियाला जायचंच होतं. ओरेस्ते त्याच्या व्हॅनमध्ये बसला. कुठे जायचंय, फिओरेन्झोने विचारलं. पंचांच्या ऑफिसात, ओरेस्तेने सांगितलं. त्यावर फिओरेन्झोने फक्त खिडकीची काच थोडी खाली केली.

मोर्तारा गाव मागे पडलं.

"बोल की काहीतरी," ओरेस्ते शेवटी म्हणाला. "आज तरी बोल. सतरा वर्षांचं साठवलं असशील."

"काय बोलू?" फिओरेन्झोने गियर बदलला. "मला सवय आहे. तुला नाही. पहिलं वर्ष जरा जड जातं."

ओरेस्तेला हसू आलं नाही.

"पेनल्टी खरी होती, फिओरेन्झो."

"माहीत आहे. मला कुंपणापासूनही दिसली." पुढे ट्रॅक्टर चालला होता, त्याच्यामागे त्याने व्हॅन सावकाश केली. "आमचे तेव्हाचे खेळाडूही खरे होते. जगात कुणाचे नव्हते तसे. फोन न करता जिंकले असते, निम्म्या वेगाने धावून जिंकले असते. तेच तर आहे. आता मला विचार, त्यातले कोणते सामने आमचे? मी रात्री पडल्या पडल्या आठवतो. हा गोल आमचा, तो आमचा. मग वाटतं, कशावरून?"

ट्रॅक्टर बाजूला झाला. त्याने वेग वाढवला.

"इतकी वर्षं मी तुला हे ऐकवत होतो," ओरेस्ते म्हणाला.

"रोज," फिओरेन्झो म्हणाला. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

*

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात जुन्या पंचांचे फोटो, सगळे ताठ मानेचे. आत तेदाल्दी नावाचे सचिव बसले होते, बारीक अंगाचे, निवृत्त शिक्षक असावेत असे. ओरेस्तेने टोपी हातात घेतली. रस्ताभर त्याने वाक्य जुळवलं होतं: शुक्रवारी सकाळी मी तिला फोन केला. बस, एवढंच. पुढचं ते विचारतील.

"मी लुचिल्ला बारालेचा मामा," तो म्हणाला.

"या, बसा." तेदाल्दींनी खुर्चीवरच्या फायली उचलल्या. "सकाळीच येऊन गेली ती. तुम्हाला काळजी वाटली असेल. वाटणारच."

"काय होणार तिचं?"

"आईचं गाव आहे हे आधी सांगायला हवं होतं. तिनेही मान्य केलं. शरद ऋतूपर्यंत तिला सामने मिळणार नाहीत. मग पुन्हा सुरू करेल. निकाल तसाच राहील. आमचे निरीक्षक होते सामन्याला, त्यांनी लिहिलंय, पेनल्टी स्वच्छ होती. निर्णय द्यायला थोडा उशीर झाला, एवढंच." त्यांनी चष्मा वर सरकवला. "गावातल्या किंवा घरच्या कोणी तिला सामन्याबद्दल काही सांगितलं का, हे विचारावं लागतं आम्हाला. विचारलं. नाही म्हणाली."

ओरेस्तेने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"नाही म्हणाली?"

"स्पष्ट नाही म्हणाली. लिहूनही दिलं."

खिडकीखालून बस गेली, तावदानं थरथरली. जुळवलेलं वाक्य अजून ओरेस्तेच्या तोंडात होतं. आता ते बोललं तर ती खोटं बोलली असं होणार होतं, सही करून खोटं बोलली असं. आणि नाही बोललं, तर ती खोटं बोललीच होती. फक्त ते त्या दोघांनाच माहीत राहणार होतं. तेदाल्दींनी उठून त्याला पाण्याचा ग्लास आणून दिला.

"तुम्हाला काही सांगायचं होतं का?"

ओरेस्ते पाणी प्यायला. त्याने ग्लास टेबलावर ठेवला, मग फायलीवर डाग पडू नये म्हणून उचलून हातातच धरला.

"चांगली पंच आहे ती," तो म्हणाला.

"आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर दुःख झालं." तेदाल्दी हसले. "सगळ्या मुलांना आम्ही पहिल्या दिवशी विचारतो, पंच का व्हायचंय? बाकीची पोरं खरं खरं सांगतात, मोठ्या सामन्यांचा फुकट पास मिळतो म्हणून. ही म्हणाली, माझा एक मामा आहे. लहानपणी मी बारमध्ये त्याच्या मांडीवर बसून आइस्क्रीम खायचे आणि तो सगळ्यांशी भांडायचा. मला वाटायचं, याच्यासमोर लबाडी करायची कुणाची हिंमत होईल?" त्यांनी हात पुढे केला. "तुम्हीच ना ते? भेटून बरं वाटलं. घरात असं माणूस असलं की पोरं अशी होतात."

हात पुढे आलेला होता. ओरेस्तेने तो हातात घेतला.

खाली दाराशी लुचिल्ला सायकल धरून उभी होती. वह्यांची पिशवी खांद्याला. कॉलेजमधून तशीच आली असावी.

"मामीने फोन केला," ती म्हणाली. "तू इकडे आलायस म्हणून."

तो पायरीवरच थांबला.

"सांगितलंस?" तिने विचारलं.

"नाही."

तिने हलकेच श्वास सोडला. सुटल्यासारखं वाटलं तिला, की ती दुसऱ्याच उत्तराची वाट बघत होती, ते त्याला कळलं नाही. आणि ते विचारण्याचा हक्क आपल्याला राहिलाय असंही त्याला वाटलं नाही.

"परत कसा जाणार?"

"गाडीने. फिओरेन्झोला उशीर होईल."

"चल, स्टेशनपर्यंत येते."

दोघं चालू लागले. ती सायकल हाताने ढकलत होती, चाक टिकटिकत होतं. परीक्षा कधी आहे, त्याने विचारलं. जूनमध्ये, ती म्हणाली. आईला भेटून जाणार का, तिने विचारलं. पुढच्या वेळी, तो म्हणाला. स्टेशनसमोरच्या रस्त्यावर वाहनांची गर्दी होती. रस्ता ओलांडताना ओरेस्तेने सवयीने तिचा दंड धरायला हात पुढे केला. मध्ये सायकल होती. त्याने तो मागे घेतला आणि डावी-उजवीकडे बघत तिच्यापाठोपाठ रस्ता ओलांडला.